सातव्या माळेची यादी

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही देऊन टाकला, ‘मी केलेले अविस्मरणीय गोल’. मी म्हटलं, साहेब, मी स्टॉपर बॅक. अकरा सीझन खेळलो, त्यात गोल झाले चार, आणि त्यातला एक आमच्याच जाळ्यात. ते हसले. म्हणाले, मग तुम्हाला जे विसरता येत नाही ते लिहा. तसं म्हटलं तर ते गोलाबिलाचं काही नाही. एक साधा कागद आहे. त्यावर मी अकरा नावं लिहिली आणि जे नाव पहिलं लिहायला हवं होतं ते तळाला ढकललं. त्याबद्दल लिहितो.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. स्टॉपर म्हणजे आपल्या गोलकीपरच्या पुढं उभा राहणारा माणूस. बॉल पार पलीकडच्या टोकाला असतो, आपले पुढचे खेळाडू मजेत पळत असतात, लोक शिट्ट्या मारतात, आणि हा एकटा इकडं उभा राहून, बॉल परत आला तर काय, याचा विचार करत असतो. म्हणजे काळजी करणं हेच त्याचं काम. चांगलं केलं तर कुणाला कळत नाही, चुकलं तर गावभर होतं. माझ्या स्वभावाला हे काम फार मानवलं. आजही घराला कुलूप लावलं की मी वळणावरून एकदा तरी परत येतो. बायको आता थांबतही नाही, सरळ पुढं चालत राहते.

माझे वडील गोव्याकडचे ख्रिस्ती, रेल्वेत गार्ड, लोंढ्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे. आई कंग्राळीची, मराठ्याच्या घरातली. त्यांचं लग्न कसं जमलं आणि त्यावरून दोन्हीकडं काय काय झालं, त्याला स्वतंत्र अंक काढावा लागेल. घरी मी आग्नेल, मामाकडं अनिल, आणि दोन्ही हाकांना मी ओ देतो. खेळायला शिकलो ते लोंढ्यात रुळांच्या कडेला. बॉल मालगाडीखाली गेला की गाडी हलेपर्यंत आमचा हाफटाइम.

पुढं बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, गोवा असा फिरत खेळलो. मोठं नाव कधीच झालं नाही. कुणाच्या स्टॉपरचा गुडघा दुखावला की मला बोलावणं यायचं, आणि तो बरा झाला की मी बॅग भरायचो. अशा खेळाडूला एक गोष्ट पटकन शिकावी लागते, ती म्हणजे नव्या घरच्या रिती. कोल्हापुरात मॅचआधी नारळ फुटायचा. गोव्यात खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, मेणबत्ती. हुबळीत आमचा कॅप्टन दुवा मागायचा, तेव्हा मी इतरांबरोबर हात पसरून उभा. एका क्लबात तर गोलपोस्टच्या मागं लिंबू पुरायची पद्धत होती. एकदा पावसानं ते वर आलं आणि कॅप्टननं मला बजावलं, “बॉल गेला तर जाऊ दे, लिंबावर कुणाचा पाय पडू देऊ नको.” त्या मॅचला मी खरोखर अर्धा वेळ लिंबू मार्क केलं.

हे सगळं मी मान खाली घालून केलं. तू नक्की कोणाचा, असं कुणी विचारलं तर हसायचं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचं. देवाधर्माच्या गोष्टीत एक शब्द बोलायचा नाही, बरा नाही की वाईट नाही. त्यामुळं माझं कुठंच कुणाशी वाजलं नाही. याला मी शहाणपण समजत होतो. लोकही तसंच म्हणायचे.

गुडघा गेल्यावर कोचिंगचा कोर्स केला आणि बेळगावातल्या एका शाळेत मुलींची टीम माझ्याकडं आली. कोच म्हणजे कडेला उभा राहून ओरडणारा माणूस असा लोकांचा समज असतो. ओरडून काही होत नाही, मॅच सुरू झाल्यावर पोरींना काहीही ऐकू जात नाही. कोचचं काम आधी असतं. कुणी उपाशी आलंय का, कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाच्या वडिलांनी खेळ बंद म्हणून सांगितलंय, कुणाची एसटी चुकणार आहे. आणि शेवटी एक कागद भरायचा. त्यावर खेळणाऱ्या अकराजणी आणि खाली राखीव. तो रेफरीकडं दिला की तुमचं निम्मं काम संपलं. तो कागद लिहिताना माझा हात अजूनही घामेजतो.

रेणुका माझ्याकडं आली ती आठवीत. कंग्राळीची. वडील फौंड्रीत कामाला, आई शेतावर. मी तिला मधल्या फळीत घातलं. बॉल पायात यायच्या आधीच तिला माहीत असायचं की तो पुढं कुणाला द्यायचा. हे शिकवता येत नाही, मला अकरा सीझनमध्ये आलं नाही. आमच्या टीमचा खेळ तिच्या पायातून जायचा. हे मी तिला कधी सांगितलं नाही. पोरी चढून बसतात, असं आमच्या धंद्यात म्हणतात.

ती दहावीत असताना वडील फौंड्रीत पाठीवर पडले. मणक्याचं ऑपरेशन झालं, पण उठून उभं राहता येईना. त्या वर्षी नवरात्रात पहिल्या माळेला रेणुका सरावाला अनवाणी आली. बूट नाहीत, चप्पलही नाही. आमच्याकडं याचं कुणाला नवल वाटत नाही. नऊ दिवस पायात काही घालायचं नाही असं देवीला नवस बोललेले लोक गल्लोगल्ली असतात, बँकेतले, कोर्टातले, रिक्षावाले. मी काही विचारलं नाही. तिच्या मैत्रिणीनंच सांगितलं, “सर, तिनं आप्पांसाठी बोललंय. ते उभं ऱ्हावंत म्हणून.”

आणि मॅच होती सातव्या माळेला. सेमीफायनल. बंगळुरूच्या एका क्रीडा हॉस्टेलचे दोन प्रशिक्षक त्याच दिवशी मुली निवडायला येणार होते, तेवढ्या एका मॅचपुरते. निवड झाली तर राहणं, शिक्षण, खेळ सगळं तिकडं. वडील अंथरुणाला खिळलेले, पुढच्या वर्षी वय उलटणार. रेणुकाला दुसरी संधी नव्हती, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि बुटांशिवाय रेफरी आत घेत नाही. मॅचआधी तो प्रत्येकीच्या बुटाचा तळ वर करून खालचे खुंट, म्हणजे स्टड, तपासतो.

दुसरा कुणी कोच असता तर पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन बोलला असता. माझी अडचण माझं नाव होतं. आदल्या डिसेंबरात मी टीमला घरी बोलावून केक खाऊ घातला होता. नंतर एका पालकानं शाळेत विचारलं होतं, “ह्यो मास्तर चर्चला जातो व्हय? पोरींना तिकडं न्हेत न्हाय न्हवं?” विचारण्यात राग नव्हता, बोलणं तिथंच मिटलं. माझ्यात मात्र मिटलं नाही. आता हाच मास्तर देवीला बोललेलं मोडायला लावतो म्हटल्यावर काय होईल? मी मनात सगळं चित्र रंगवलं. शाळेच्या दारात माणसं, हेडमास्तरीणबाईंच्या टेबलावर अर्ज, मोबाईलवर माझा फोटो. आणि त्यातच तिच्या वडिलांचं काही बरंवाईट झालं तर? पोर जन्मभर म्हणेल, सरांनी बूट घालायला लावले म्हणून झालं. त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही.

तिसऱ्या माळेला मी हेडमास्तरीणबाईंकडं गेलो. म्हटलं, तुम्ही बोला तिच्याशी, तुमचं ऐकेल.

“कोच तुम्ही आहात, सर. तुम्हीच बोला,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, “पण जपून हं. उगाच विषय व्हायला नको.”

बस, तेवढा ‘विषय’ शब्द मला पुरला. 

पाचव्या माळेला शेवटी मी तिच्या घरी गेलो. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत गेलो. दारात बूट काढले आणि उगीचच लांब, पार जोत्याच्या कडेला नेऊन ठेवले. तिचे वडील पलंगावर पडून होते. कोपऱ्यात घट बसलेला, धान चांगलं बोटभर उगवून आलेलं. रेणुकाच्या आईनं चहा दिला. मी मणक्याबद्दल विचारलं, फौंड्रीचे लोक येऊन जातात का विचारलं, यंदा भात कसं आहे विचारलं. इंद्रायणीवर पडलेल्या रोगाबद्दल मी दहा मिनिटं बोललो असेन, मला भातातलं काही कळत नसताना.

उठताना तिची आई म्हणाली, “पोरीचं काय ते तुमीच बघा, सर. आमाला त्यातलं काय कळत न्हाय.”

“हो, हो,” म्हटलं आणि बाहेर पडलो. बोलायची रीत म्हणून म्हणाली असेल, असं मी धरून चाललो.

रेणुका बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. नवा रस्ता करायला खडी टाकलेली, ती त्यावरून जपून पाऊल टाकत चालली होती. मध्येच थांबून म्हणाली, “सर, मी काय करू?”

पंधरा वर्षांची पोर मला सरळ विचारत होती. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “तुझ्या मनाला पटेल ते कर.”

ते वाक्य मला तेव्हा फार भारदस्त वाटलं. तिच्या श्रद्धेचा मान राखला, जबरदस्ती केली नाही, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. बसमध्ये बसल्यावर आठवडाभरात पहिल्यांदा मला भूक लागली.

सातव्या माळेला ती मैदानावर आली, अनवाणीच. खांद्याला पिशवी. तिची आईही आली होती, याआधी ती कधी मॅचला आली नव्हती. कंपाउंडच्या भिंतीपाशी पदर सावरून उभी. माझं लक्ष पहिलं तिच्या पायांकडं गेलं. तीही अनवाणी. झालं, मी मनात म्हटलं, सगळं घरच पाळतंय, आता विचारण्यातही अर्थ नाही. मी स्कोररच्या टेबलापाशी बसून कागद भरला. मधल्या फळीत एका नववीतल्या मुलीचं नाव लिहिलं. रेणुकाचं राखीवमध्ये, सगळ्यात खाली. रेफरीनं कन्नडमध्ये विचारलं, हीच का फायनल यादी? मी मान हलवली.

हाफटाइमपर्यंत आम्ही एका गोलनं मागं होतो. बॉल मधून पुढं जातच नव्हता. ती नववीतली पोर जीव तोडून पळत होती, पण तिला बॉल आल्यावर सुचायचं. रेणुका बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी वळलो की ती माझ्याकडं बघत असायची. एकदा नाही, दरवेळी. मी नजर चुकवून घड्याळात बघायचो, पाण्याच्या बाटल्या मोजायचो. तिच्या नजरेत काय होतं ते मी माझ्या सोयीनं वाचलं. मला वाटलं, ती म्हणतेय, सर, मला आग्रह करू नका.

आम्ही हरलो. बंगळुरूच्या दोघांनी समोरच्या टीममधल्या दोघी आणि आमची गोलकीपर निवडली, चहा घेतला आणि गेले. हेडमास्तरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं, “छान सांभाळलंत हं, सर.” मलाही ते खरं वाटलं. रेणुका दहावी झाली, शाळेतून गेली. तिचे वडील वर्षभरानं कुबड्या घेऊन उभे राहिले असं मामाच्या घरी कळलं. मी मनात म्हटलं, बघ, बरं झालं आपण मध्ये पडलो नाही.

यानंतर आठ-नऊ वर्षं गेली. मागच्या वर्षी निपाणीला एका शाळेच्या मैदानावर मुलींची स्पर्धा होती, आणि योगायोग असा की नवरात्रच चालू होतं. मैदानाच्या मागं तंबाखूची गोदामं, वारा सुटला की नाकात चुरचुरतं. समोरच्या टीमच्या कोच म्हणून ट्रॅकसूट घातलेली बाई आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, “वळखलासा का, सर?”

रेणुका. शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून तिथल्याच एका शाळेत लागली होती. मी तिच्या घरच्यांची चौकशी करत होतो तेवढ्यात तिच्या टीमच्या पोरी बूट घालायला बसल्या. एक पोर तशीच उभी. अनवाणी.

 मी बघत राहिलो, ही आता काय करते.

रेणुका तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. “तू मला टीममध्ये पायजेस. बूट घालून खेळशील? का ह्या नऊ दिसात न्हाय खेळायचं? काय ते सांग, मला राग न्हाय.”

पोरगी थोडी घुटमळली. “न्हाय, मॅडम. दसऱ्यानंतर खेळते.”

“बरं. मग आज बाकावर बसून ह्यांच्या सहा नंबरवर ध्यान ठेव, ती कुठनं पळती ते मला सांग.” आणि ती यादी लिहायला बसली.

सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. कुणी अर्ज केला नाही, कुणी फोटो काढला नाही. पोरगी खुशाल बाकावर जाऊन बसली आणि आमच्या सहा नंबरकडं टक लावून बघायला लागली. मी तिथंच पायरीवर टेकलो.

रेणुका यादी देऊन परत आली आणि शेजारी बसली. मी विचारलं, “मी तेव्हा तुला असं विचारलं असतं तर?”

 ती म्हणाली, “बूट पिशवीत व्हतं, सर.”

“पण तुझं बोललेलं?”

“तुमी घरी येऊन गेलासा न्हवं, तवाच आई म्हणाली, सर उगंच आल्यात व्हय भाताचं बोलायला? त्यास्नी बोलायला अवघड वाटाय लागलंय. मॅचच्या सकाळी तिनं घटापुढं सांगितलं, पोरगी खेळायला उतरली तर ऱ्हायलेलं मी चालते. चपला घरी ठेवूनच आलती ती. आमच्यात चालतंय तसं, घरच्यानं घरच्याचं पुरं करायचं.”

हे मलाही माहीत होतं. माझ्या आईनं मामाचं असंच एकदा पुरं केलेलं मी लहानपणी बघितलंय. ते मला त्या आठवड्यात एकदाही आठवलं नाही.

“मग बोलली का नाहीस गं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच चिडका वाटला.

“काय बोलू? यादीत नाव सगळ्यात खाली. मला वाटलं, बुटाचं निमित्त हाय. माझा खेळच तुमास्नी तेवढा वाटत न्हाय. बंगळूरची माणसं आल्यात म्हटल्यावर तुमी चांगल्या पोरी उतरवणार.” ती साधेपणानं सांगत होती, जुना सर्दी-ताप सांगावा तशी. “लई दिस तसंच वाटत व्हतं. अजून बी कधीकधी वाटतंय. खरं सांगा सर, मी बरी खेळत व्हते का?”

चोवीस वर्षांची बाई, गळ्यात शिट्टी, हाताखाली पंधरा पोरी, आणि ती मला हे विचारत होती.

“माझ्याकडं खेळलेल्यांत तुझ्यासारखी एक नाही झाली,” मी म्हणालो. “तुझ्याआधी नाही, नंतर नाही.”  पन्नाशी उलटलेला माणूस मी, दोन टीमच्या पोरींसमोर डोळे पुसत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

 तिनं खिशातून मोबाईल काढला. “हे आईला सांगा तेवढं. दसऱ्यापर्यंत आमी दोघीबी अनवाणी चाललो. मी खेळायला उतरलेच न्हाय, मग माझं मीच चालले. तिचं चालणं फुकट गेलं, असं ती आजून म्हणती.”

मी नको म्हणायच्या आत तिनं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडं कोंबड्यांचा आवाज, भांड्यांचा आवाज, मग, “बोल गं.”

“वैनी, मी फुटबॉलचा सर बोलतोय. कंग्राळीला घरी आलतो बघा.”

“व्हय की. बरं हाईसा न्हवं?”

मी सांगितलं. रेणुका माझी सगळ्यात चांगली खेळाडू होती, त्या दिवशी ती उतरली असती तर बंगळूरच्या लोकांनी तिला पहिली उचलली असती, हे सगळं न थांबता सांगितलं. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “मग त्या दिशी पोरीला बसवून का ठेवलासा, सर?”

रेफरीनं दोन्ही टीमना आत बोलावलं होतं. रेणुका उठून निघून गेली होती. माझ्या पोरी रांगेत उभ्या राहून मला हात करत होत्या.

“भ्यालतो, वैनी,” मी म्हणालो.

  तिनं विचारलं, “आमाला?”